देशोदेशींची मुले : तुलना कशासाठी?

दरवर्षी १४ नोव्हेंबरला आपल्याकडे बालदिन साजरा होतो. भाषणे होतात, मुलांना खाऊ वाटला जातो आणि मुले ही राष्ट्राची संपत्ती आहे, हे वाक्य एकदा तरी कानांवर पडते. हे वाक्य केवळ भाषणातले नाही. भारत सरकारने २२ ऑगस्ट १९७४ रोजी जे राष्ट्रीय बालक धोरण जाहीर केले, त्यातही मुलांना राष्ट्राचा अत्यंत मोलाचा ठेवा मानले आहे. पण ठेवा म्हटला की त्याचा हिशेब आला. तो वाढतो आहे की घटतो आहे, हे पाहणे आले. आणि शेजाऱ्याच्या मानाने आपण कोठे आहोत, हा विचारही आलाच.

कुकटपल्लीच्या हमरस्त्यावर सकाळी आठच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे या हिशेबातील अडचण डोळ्यांना दिसते. एका बाजूस हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतील मुले शाळेच्या बसची वाट पाहत असतात. दुसऱ्या बाजूस मजुरांचा नाका असतो. त्याला येथे ‘अड्डा’ म्हणतात. पालमूर म्हणजे महबूबनगरकडून, श्रीकाकुलमकडून आणि आपल्या नांदेड-बीदरकडूनही आलेली बांधकाम मजुरांची कुटुंबे तेथे कामाची वाट पाहत उभी असतात. काहींच्या कडेवर मुले असतात. बसची वाट पाहणारे मूल आणि कडेवरचे मूल, दोन्ही हैदराबादचीच. या दोघांच्या परिस्थितीची सरासरी काढली, तर जे उत्तर येईल ते दोघांपैकी कोणाचेही नसेल. एका रस्त्याच्या दोन बाजूंची तुलना इतकी अवघड, तर भारत आणि नॉर्वे, व्हिएतनाम आणि पेरू यांच्या मुलांची तुलना करावयाची कशी? आणि मुळात ती करावयाची कशासाठी? या दोन प्रश्नांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. सुस्थिती म्हणजे काय?

मुलांची स्थिती मोजण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे बालमृत्यू. जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी किती मुले पहिला वाढदिवस पाहण्याआधी दगावतात, या आकड्यास अर्भक मृत्युदर म्हणतात. भारत सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली हा दर देशात २८ होता. केरळात तो ६, महाराष्ट्रात १६, कर्नाटकात १९, तेलंगणात २१ आणि मध्य प्रदेशात ४३ होता. एकाच देशाच्या दोन राज्यांत सातपटींचा फरक आहे, ही गोष्ट परदेशाकडे नजर टाकण्यापूर्वी ध्यानात ठेवलेली बरी.

मृत्यू मोजणे त्या मानाने सोपे आहे, कारण त्याच्या व्याख्येबद्दल वाद नसतो. पण जे मूल जगले त्याचे काय? ते पोटभर जेवते काय, शाळेत जाते काय, गेले तर शिकते काय, त्याला मार बसतो काय, त्याला खेळावयास मिळते काय, आणि ते आनंदी आहे काय? १९७९ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय बालक वर्ष म्हणून पाळले. पुढे १९८९ साली बालहक्कांचा करार संमत झाला व १९९२ साली भारताने तो स्वीकारला. या करारामुळे एक महत्त्वाचा बदल झाला. मुलाचे जगणे, वाढणे, शिकणे, सुरक्षित असणे आणि आपले म्हणणे मांडणे हे सारे त्याचे हक्क ठरले. हक्क म्हटला की तो किती पाळला गेला, हे तपासणे ओघानेच येते.

युनिसेफच्या फ्लॉरेन्स येथील इनोसेंटी संशोधन केंद्राने २००७ साली श्रीमंत देशांतील मुलांच्या सुस्थितीचा एक अहवाल काढला. त्यात २१ देशांची तुलना सहा अंगांनी केली होती : आर्थिक स्थिती, आरोग्य व सुरक्षितता, शिक्षण, कुटुंब व सवंगडी यांच्याशी असलेले नाते, धोक्याच्या सवयी, आणि मुलांचे स्वतःच्या जीवनाविषयीचे मत. नेदरलँड्स पहिला आला. अमेरिका विसावी आणि ब्रिटन एकविसावे म्हणजे शेवटचे आले! राष्ट्रीय उत्पन्नाच्या यादीत अग्रभागी असणारे देश मुलांच्या यादीत तळाशी असू शकतात, हे या अहवालाने आकड्यांनी दाखविले.

ब्रिटनमध्ये यावर मोठा वादंग माजला. पण तेथील लोक केवळ वाद घालून थांबले नाहीत. युनिसेफच्या ब्रिटिश शाखेने पुढे ब्रिटन, स्वीडन व स्पेन या तीन देशांतील कुटुंबांत जाऊन मुलांशी बोलून पाहणी करविली, व ती २०११ साली प्रसिद्ध झाली. मुलांना विचारले की, तुम्हांला कशाने बरे वाटते? तिन्ही देशांतील मुलांची उत्तरे मिळतीजुळती होती. महागड्या वस्तूंपेक्षा घरच्या माणसांबरोबरचा वेळ, मित्र आणि घराबाहेर करावयाच्या गोष्टी त्यांना अधिक मोलाच्या वाटत होत्या. फरक एवढाच आढळला की, ब्रिटनमधील आईबापांना असा वेळ काढणे अधिक जड जात होते. येथे तुलनेने आपले काम केले. पहिल्या यादीने ‘तुमचे काहीतरी बिघडले आहे’ एवढे सांगितले होते. नक्की काय बिघडले आहे, हे दुसऱ्या पाहणीने दाखविले.

२. एकच फूटपट्टी सर्वांना चालेल काय?

कोणत्याही तुलनेवर पहिला आक्षेप असतो तो फूटपट्टीवर. आपला देश वेगळा, आपले हवापाणी वेगळे, आपली माणसे जात्याच लहान चणीची. मग नॉर्वेच्या मुलाच्या उंचीने आमच्या मुलाला का मोजावयाचे? हा आक्षेप वरवर पाहता अगदी रास्त वाटतो. आपल्या देशात यावर जो वाद झाला त्यात मराठी विद्वानांचा वाटा मोठा होता, म्हणून तो येथे थोडक्यात सांगितला पाहिजे.

प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ या विषयावरील आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. माणशी रोज २,२५० कॅलरी ही किमान गरज धरून, तेवढे अन्न ज्यांना परवडत नाही ते गरीब, अशी मोजणी त्यांनी केली. त्यावर डॉ. पां. वा. सुखात्मे या ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांनी हरकत घेतली. माणसाची अन्नाची गरज ठराविक नसते. ती माणसागणिक आणि एकाच माणसाच्या बाबतीत दिवसागणिक बदलते. शरीर काही प्रमाणात जुळवून घेते. म्हणून सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी मानणे चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९८०च्या सुमारास डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने याच्याही पुढची पायरी गाठली. मूल लहान चणीचे असले तरी ते निरोगी असू शकते, असे त्याने म्हटले.

या मताला ठाम विरोध केला तो डॉ. सी. गोपालन यांनी. हैदराबादेत तारनाका येथे असलेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे ते संचालक होते. १९१८ साली कुन्नूर येथे एका खोलीत सुरू झालेली व १९५८ साली हैदराबादेत आलेली ही संस्था भारतीय आहारशास्त्राचे माहेरघर मानली जाते. गोपालन यांचे म्हणणे असे की, ज्या परिस्थितीमुळे मुलाची उंची खुंटते तीच परिस्थिती त्याच्या इतर वाढीलाही मारक असते. खुजेपणाला ‘निरोगी’ म्हणणे म्हणजे गरिबांसाठी वेगळी, आखूड फूटपट्टी तयार करणे होय.

या वादातील एका मुद्द्याचा निकाल पुढे प्रत्यक्ष मोजणीने लागला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत मुलांच्या वाढीचा अभ्यास केला. ब्राझीलमधील पेलोटास, घानामधील आक्रा, भारतातील नवी दिल्ली, नॉर्वेतील ऑस्लो, ओमानमधील मस्कत आणि अमेरिकेतील डेव्हिस ही ती गावे. सुमारे साडेआठ हजार मुले निवडली. मुद्दाम अशी मुले घेतली की ज्यांना आईचे दूध मिळते, ज्यांच्या घरी अन्नाची, स्वच्छतेची व औषधपाण्याची ददात नाही आणि ज्यांची आई धूम्रपान करीत नाही. निष्पन्न असे झाले की, या सहा ठिकाणच्या मुलांची वाढ जवळजवळ सारखी होती. उंचीतील एकूण तफावतीपैकी सुमारे ७० टक्के तफावत ही मुलामुलांतील वैयक्तिक तफावत होती. देशादेशांमुळे पडणारी तफावत अवघी ३ टक्क्यांच्या आसपास होती. यावरूनच २००६ साली वाढीचे जागतिक मानक तयार झाले. आपल्या अंगणवाडीत भिंतीवर किंवा वहीत जो वाढीचा तक्ता असतो, तो याच मानकाचा.

तात्पर्य, पहिल्या पाच वर्षांच्या उंचीपुरते तरी ‘आमचे मूल जात्याच लहान’ हे म्हणणे टिकत नाही. परिस्थिती सारखी मिळाली तर दिल्लीचे मूल ऑस्लोच्या मुलासारखेच वाढते. मात्र हे उंचीला लागू आहे म्हणून सर्वच गोष्टींना लागू आहे, असे समजू नये. आनंद, माया, शिस्त, स्वावलंबन यांच्या कल्पना समाजागणिक बदलतात. आपल्याकडे सातवीतली मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, याला एका देशात बालमजुरी म्हणतील, तर दुसऱ्या देशात घरचे वळण म्हणतील. तेथे फूटपट्टी लावताना हात जपूनच चालविला पाहिजे.

३. क्रमांकाचा मोह

तुलना म्हटली की यादी आली आणि यादी म्हटली की क्रमांक आला. परीक्षेच्या निकालाप्रमाणे आपण सर्वजण प्रथम क्रमांक पाहतो व बाकीचा कागद बाजूला ठेवतो. हा मोह घातक आहे.

पंधरा वर्षांच्या मुलांची वाचन, गणित व विज्ञान यांतील तयारी तपासणारी ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. २०१० साली भारतातर्फे तमिळनाडू व हिमाचल प्रदेश या दोन राज्यांतील मुलांनी ती दिली. शिक्षणात पुढारलेली म्हणून ही राज्ये ओळखली जातात. निकाल लागला तेव्हा सुमारे ७४ देश-प्रदेशांच्या यादीत ती जवळजवळ तळाशी होती. प्रश्न आपल्या मुलांच्या अनुभवाबाहेरचे होते, असा आक्षेप आपल्याकडून घेण्यात आला व भारत पुढील चाचणीतून बाहेर पडला. आक्षेपात थोडे तथ्य असेलही. परंतु ताप मोजण्याचे यंत्र फेकून दिल्याने ताप उतरत नाही. १९९०च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना त्यांच्याच भाषेतील साधा उतारा वाचावयास देते. २०१८च्या पाहणीत ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. ही फूटपट्टी तर परकी नव्हती; आपल्याच मातीतली होती.

जागतिक भूक निर्देशांकाची कथाही अशीच आहे. २०२३ साली भारत १२५ देशांत १११वा ठरला व सरकारने मोजणीच्या पद्धतीला हरकत घेतली. निर्देशांकातील चार घटकांपैकी तीन मुलांविषयीचे आहेत : खुजेपणा, रोडपणा व पाच वर्षांखालील मृत्यू. मुलांचे हे आकडे म्हणजे साऱ्या लोकसंख्येची भूक नव्हे, ही हरकत शास्त्रदृष्ट्या विचारात घेण्याजोगी आहे. पण क्रमांकाच्या भांडणात मूळ आकडा मात्र बाजूस राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हा आकडा आपल्याच सरकारच्या पाहणीतला आहे. निर्देशांक फाडून टाकला तरी तो तसाच राहतो.

४. फट कोठे पडते ते पाहावे

मग तुलनेचा खरा उपयोग कोणता? आपण किती मागे आहोत, एवढे कळणे हा उपयोग थोडा. मुलाच्या आयुष्यात नेमक्या कोणत्या वयात, कोणत्या उंबरठ्यावर ते मागे पडू लागते, हे कळणे हा उपयोग मोठा. कारण धोरण आखावयाचे ते त्या उंबरठ्यावर. याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण आपल्या शहराशी निगडित आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘यंग लाइव्हज’ नावाचा अभ्यास २००२ साली चार देशांत सुरू झाला : इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि भारत. भारतातील पाहणीसाठी तेव्हाचे अविभक्त आंध्र प्रदेश राज्य निवडले गेले. श्रीकाकुलम, पश्चिम गोदावरी, अनंतपूर, कडप्पा, करीमनगर, महबूबनगर आणि हैदराबाद या जिल्ह्यांतील सुमारे तीन हजार मुले घेतली. बेगमपेट येथील सेंटर फॉर इकॉनॉमिक अँड सोशल स्टडीज ही संस्था या कामात सहभागी होती. चारही देशांत मिळून मुले सुमारे १२ हजार. त्यांपैकी काही २००१–०२ मध्ये जन्मलेली, काही १९९४–९५ मध्ये जन्मलेली. या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, दर वेळी नवी मुले न घेता काही वर्षांनी पुन्हा त्याच मुलांकडे जावयाचे. कडेवरचे मूल शाळेत गेले, शाळेतले कामाला लागले, मुलीचे लग्न झाले, या साऱ्याची नोंद होत गेली. गरीब भागांतील मुले त्यात मुद्दाम अधिक घेतली असल्याने हे साऱ्या राज्याचे चित्र नव्हे; पण माग काढण्यासाठी याहून चांगले साधन क्वचित सापडेल.

डॉ. अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञाने या नोंदींवरून एक प्रश्न सोडविला. व्हिएतनाम हा काही श्रीमंत देश नव्हे. तरीही २०१२ साली ‘पिसा’ चाचणीत प्रथमच उतरून त्याने अनेक श्रीमंत देशांच्या बरोबरीचे गुण मिळविले. मग व्हिएतनामी मूल आपल्या मुलाच्या पुढे जाते ते केव्हा? घरीच? की शाळेत? आढळले ते असे : पाच वर्षांच्या वयात, शाळेत नीट बसण्यापूर्वी, या देशांतील मुलांत फरक थोडा असतो. आठ वर्षांच्या वयापर्यंत तो बराच रुंदावतो. शाळेतील एका वर्षात व्हिएतनामी मूल जेवढे शिकते तेवढे आपले शिकत नाही, हे त्या वाढीचे मुख्य कारण. म्हणजे फट पडते ती पहिली-दुसरीच्या वर्गात. पोरे मठ्ठ आहेत, आईबाप अडाणी आहेत, अशी जी कारणे आपण सहज पुढे करतो, त्यांनी या फरकाचा उलगडा होत नाही. दहावीच्या निकालासाठी दहावीच्या वर्गांवर भर देण्याची आपली रीत किती उशिराची आहे, हे यावरून कळून येईल.

दुसरे उदाहरण उंचीचे. उत्पन्नाच्या दृष्टीने आफ्रिकेतील अनेक देश भारतापेक्षा गरीब, तरी भारतीय मुलांत खुजेपणा अधिक. हे कोडे अभ्यासकांना बरेच दिवस छळीत होते. उघड्यावर शौचास बसण्याच्या चालीमुळे मुलांना वारंवार होणारे पोटाचे विकार, हे त्याचे एक कारण सांगण्यात आले आहे. सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत व आफ्रिका येथील १ लाख ६८ हजारांहून अधिक मुलांची माहिती ताडून पाहिली. आफ्रिकेच्या तुलनेत भारतीय मुलाचे मागे पडणे हे त्याच्या जन्मक्रमाबरोबर झपाट्याने वाढते, असे त्यांना दिसले. थोरल्या मुलाला मिळते ते धाकट्यांच्या वाट्याला येत नाही, आणि थोरला मुलगा हवा या हव्यासात मुलींचे विशेष नुकसान होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ही फट घराच्या आत, एकाच ताटाभोवती पडते. केवळ स्वस्त धान्य पुरवून ती बुजणार नाही.

तिसरे उदाहरण महाराष्ट्राचे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अर्भकमृत्यूंचा माग काढला, तेव्हा त्यांतील मोठा भाग जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच घडतो, असे दिसले. मग गावातील स्त्रियांनाच शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत त्यांनी बसविली. ३९ गावांत हा प्रयोग केला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ पासून भारतात ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ती पद्धत राबविली जाऊ लागली. येथे दोन देशांची नव्हे, गावागावांची तुलना होती; पण तिचा लाभ देशाच्या सीमेबाहेरही पोहोचला. ‘असर’ची वाचनचाचणीही अशीच पाकिस्तानात व केनिया, टांझानिया, युगांडा या देशांत गेली. तुलनेत आपण नेहमी विद्यार्थीच असतो असे नाही; कधी शिक्षकही असतो.

५. तुलनेतून धोरणाकडे

एखाद्या योजनेचा उपयोग झाला की नाही, हेही अशा मागोव्यातून कळते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २००३ पासून आंध्र प्रदेशात मध्यान्ह भोजन नियमितपणे सुरू झाले. त्या सुमारास राज्याच्या मोठ्या भागात दुष्काळ होता. ‘यंग लाइव्हज’च्या मुलांची वजने-उंची तपासली असता असे आढळले की, दुष्काळाने ज्या लहान मुलांच्या वाढीवर परिणाम झाला होता, त्यांपैकी शाळेत जेवण मिळालेल्या मुलांची तूट भरून निघाली होती. लहानपणी खुंटलेले मूल कायमचे गेले, असे मानण्याचे कारण नाही. मात्र ताट वेळेवर पुढे आले पाहिजे.

उलट, शहराची भरभराट झाली की मुलांची आपोआप होते, ही समजूतही आकडे खोडून काढतात. २०१५–१६ च्या चौथ्या कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील पाच वर्षांखालील २८ टक्के मुले खुजी होती. पाचव्या पाहणीत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर गेले. या काळात हैदराबादेत उंच इमारती उभ्या राहिल्या, २०१७ साली मियापूरहून कुकटपल्लीमार्गे मेट्रो धावू लागली, दरडोई उत्पन्नात राज्य देशात पुढे आले. इमारती उंच झाल्या, मुले झाली नाहीत.

आणि या ३३ टक्क्यांत तरी सगळी मुले आली काय? घरोघरच्या पाहणीसाठी आधी घरांची यादी करावी लागते. बांधकामाच्या जागेवर पत्र्याच्या खोलीत सहा महिने राहून पुढच्या इमारतीकडे जाणारे कुटुंब अशा यादीतून निसटण्याचा संभव अधिक. गावच्या अंगणवाडीच्या वहीत त्या मुलाचे नाव असते, पण मूल नसते. शहरात मूल असते, पण वहीत नाव नसते. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. देशांची तुलना कितीही शास्त्रशुद्ध केली, तरी अड्ड्यावरचे मूल दोन्ही बाजूंच्या वहीत नसेल, तर ती तुलना अपुरीच म्हणावी लागेल.

६. घरच्या घरी एक तुलना

आपल्या नियतकालिकात मराठी व कन्नड हे दोन्ही विभाग आहेत आणि आपण राहतो तेलुगू मुलखात. हा योगायोग अभ्यासाला उपयोगी पडण्याजोगा आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तिन्ही भाषांचे जिल्हे होते. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर-गुलबर्गा-रायचूर हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. तोवर या तिन्ही भागांवर एकच राजवट होती. त्यानंतर मात्र तिघांच्या शाळा, दवाखाने, अंगणवाड्या वेगवेगळ्या राज्य सरकारांनी चालविल्या. मराठवाड्यासाठी घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळाची तरतूद आहे. हैदराबाद-कर्नाटकसाठी २०१२ च्या घटनादुरुस्तीने ३७१-ञ कलम आले. तेलंगण २०१४ साली स्वतंत्र राज्य झाले.

एका घरातून तीन भाऊ वेगळे निघाले आणि साठ-सत्तर वर्षे त्यांनी आपापला संसार केला. आता त्यांची मुले कशी आहेत? नांदेड जिल्हा बीदर व निजामाबाद या दोन्ही जिल्ह्यांना खेटून आहे. कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार माहिती सर्वांना उपलब्ध आहे. अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती काढावी, तीन रकान्यांत मांडावी आणि फट कोणत्या वयात पडते ते शोधावे. लसीकरणात? पहिल्या हजार दिवसांच्या आहारात? मुलींच्या लग्नाच्या वयात? मराठी विद्यार्थ्याने बीदरच्या कन्नड मित्राला आणि निजामाबादच्या तेलुगू मित्राला बरोबर घ्यावे. मात्र आपला जिल्हा पुढे आहे हे सिद्ध करण्यासाठी नव्हे, शेजाऱ्याला काय साधले ते शिकण्यासाठी.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. मुलांच्या वाढीचे माप जगभर एक असू शकते, त्यांच्या सुखाचे माप मात्र जपून वापरावे लागते. क्रमांक हा तुलनेचा शेवट नसून आरंभ आहे. फट कोठे पडते हे सांगते तीच तुलना धोरणाला उपयोगी : जन्मानंतरचे पहिले २८ दिवस, धाकट्या मुलीचे ताट, पहिलीचा वर्ग. आणि सरासरी काढण्यापूर्वी, कोण मोजावयाचे राहिले आहे, हे विचारावयास विसरता कामा नये.

उद्या सकाळी महाविद्यालयात येताना आपण पुन्हा त्याच अड्ड्यावरून येऊ. कडेवरचे एखादे मूल तेथे असेल. ते वयाच्या मानाने किती उंच आहे, त्याला कोणत्या लशी टोचल्या आहेत आणि त्याचे नाव कोणत्या अंगणवाडीच्या वहीत आहे, हे तेथे उभ्या असलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल? नेदरलँड्सचा क्रमांक मात्र आता आपल्या सर्वांना पाठ झाला आहे.